ठिपका क्रमांक सदतीस

टाळेबंदीत लोकांनी घरी बसून काय काय पाळलं. कुणी मांजर पाळलं, कुणी दाढी पाळली. आमच्या शेजारच्या काकाजींनी मौन पाळलं, तर काकू म्हणाल्या, "आता हेच चालू राहू द्या." मी गेंडा पाळला. केळझरला, आमच्या सपरीत, लॅपटॉपवर.

गेंडा म्हणजे रायनो. सिॲटलच्या रॉबर्ट मॅकनील अँड असोसिएट्स या कंपनीनं १९९८ साली बाजारात आणलेलं, वाकड्यातिकड्या आकारांचं सॉफ्टवेअर. त्याच्या पाठीवर एक नाकतोडा बसतो, तो ग्रासहॉपर. डेव्हिड रटन नावाच्या गृहस्थांनी तो २००७ साली जन्माला घातला तेव्हा त्याचं नाव 'एक्स्प्लिसिट हिस्टरी' होतं. ते बोलता बोलता लोकांना जांभया येत असाव्यात, म्हणून पुढं नाकतोडा झाला. २०१८ पासून तो गेंड्याबरोबर फुकट येतो. आणि एकदा नाकतोडा घरात शिरला की मागोमाग बाकीचे येतात. ओढाताणीतून आकार शोधायला कांगारू, ऊन मोजायला लेडीबग, जाळ्या विणायला वीव्हरबर्ड म्हणजे आपली सुगरण. आमच्या गावापासून बोर व्याघ्र प्रकल्प जवळ आहे. तिथं एवढी विविधता नाही.

पुण्यातल्या ज्या ऑफिसात मी नोकरीला होतो त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "हा वेळ वाया घालवू नका, पॅरामेट्रिक शिका." पगार निम्मा केला होता, म्हणून ज्ञान दुप्पट करायचं असा काहीतरी हिशोब असावा. मी वास्तुविशारद आहे. म्हणजे पाच वर्षं शिकून आणि चार वर्षं नोकरी करून मी लोकांच्या संडासांच्या फरशा कुठून कापायच्या ते ठरवतो. त्यामुळे लाटांसारखं छप्पर, वाळूच्या टेकडीसारखी भिंत वगैरे शिकायला मिळणार म्हटल्यावर मला भरून आलं.

बाबा मागून येऊन उभे राहिले.

"काय करून राह्यला बे?"

"नाकतोडा शिकून राहिलो."

बाबा काही बोलले नाहीत. पण महिना मे होता, साल २०२०. त्याच आठवड्यात टोळधाड अमरावतीकडून येऊन आपल्या जिल्ह्यात आष्टी तालुक्यात उतरली होती, तिकडं काटोलकडं संत्र्याच्या बागा धोक्यात होत्या, आणि लोक शेतात ताटल्या बडवत होते. मार्चमध्ये करोनासाठी बडवलेल्याच त्या ताटल्या, अजून पोचे निघाले नव्हते. अशा दिवसांत बाबांनी फोनवर मामाजींना सहज सांगितलं, "आमच्या पोट्ट्यानं पुण्याहून नाकतोडा आनला." संध्याकाळी पाठीवर फवारणीचा पंप बांधून एक गृहस्थ दारात हजर. तोंडाला दुपट्टा, तोही नियमाप्रमाणे.

"कुठी आहे?"

मी लॅपटॉप वळवून पडद्यावरचं चिन्ह दाखवलं. त्यांनी वाकून नीट पाहिलं.

"हिरवाच आहे," ते म्हणाले. "पिवळा झाला का सांगजो." आणि चहा घेऊन गेले.

आता छपराचं. आमचं घर कवेलूचं आहे. सपरी तीस फूट लांब, पंधरा फूट खोल, वर सागवानी फाटे, त्यांच्यावर बांबूच्या कमच्या आणि त्यांवर देशी नळीचे कवेलू. दरवर्षी पावसाळ्याआधी ते फेरावे लागतात. कारण वर्षभर त्यांवरून वांदरांची ये-जा असते. केळझरच्या सिद्धिविनायकाच्या टेकडीवर राहणारी ही मंडळी जेवायला गावात येतात, आणि येण्याजाण्याचा त्यांचा रस्ता आमच्या आढ्यावरून जातो. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी हा एक गणपती, त्यामुळे त्याच्या दारच्या वांदरांना कुणी दगड मारत नाही. तीही हे ओळखून आहेत.

त्या वर्षी प्रश्न होता, नवे कवेलू किती लागतील? बाबांनी अंगणात उभं राहून कपाळावर हात धरून वर पाहिलं आणि म्हणाले, "तीनशे." जेवताना म्हणाले, "पाचशे लागतीन." झोपताना म्हणाले, "हजारच आनू, सडते थोडी?" हे ऐकून माझ्यातला वास्तुविशारद जागा झाला. म्हटलं, अंदाजपंचे कशाला? सपरीवरच्या छपराचा पृष्ठभाग मी संगणकात हुबेहूब उभा करतो. जिथं खचलं तिथं खचलेला, जिथं फुगलं तिथं फुगलेला. त्याचं क्षेत्रफळ घेऊ, एका कवेलूनं भागू, उत्तर तयार. दोन दिवसांचं काम.

नाकतोड्यात पृष्ठभाग करायची पद्धत ऐकायला इतकी सोपी आहे की माणूस फसतो. हवेत ठिपके टांगायचे, त्यांवर चादर टाकायची. मी तीन-तीन फुटांवर ठिपके घ्यायचं ठरवलं. तीस फुटांत दहा, पंधरा फुटांत पाच, दहा पंचे पन्नास. पन्नास ठिपक्यांची वही आखली आणि आईनं ती पाहिली.

"दहा घरं म्हणजे अकरा ठिपके रे," ती म्हणाली. "दहा ठिपके टाकले तं शेवटच्या घराले भिंत कोन देईन?"

आईचं शिक्षण सातवी. पण दारात ठिपक्यांची रांगोळी ती चाळीस वर्षं काढते आहे. मी पाच वर्षं वास्तुकलेच्या महाविद्यालयात होतो आणि दर कुंपणाला एक खांब कमी धरायचो. तर अकरा गुणिले सहा. सहासष्ट.

मोजणी सुरू झाली. एका बांबूला टेप बांधला, खाली जमिनीला एक टोक, वर कमचीला दुसरं. सांगायला चार शब्द, पण सहासष्ट वेळा मान वर करून पाहा म्हणजे कळेल. तिसऱ्या रांगेपर्यंत माझी मान अशी अडकली की समोरच्या माणसाशी बोलताना मी त्याच्या टोपीशी बोलत होतो. मध्येच वरून वांदरं गेली. दोन कवेलू सरकले आणि धूळ डोळ्यांत आली. चौदा आणि पंधरा हे दोन ठिपके पुन्हा मोजले. दुसऱ्या दिवशी वांदरं त्याच रस्त्यानं परत आली. मग मी त्या दोन ठिपक्यांची सरासरी धरून त्यांच्याशी तह केला.

पासष्ट ठिपके झाले. एक राहिला. चौथ्या रांगेतला पाचवा.

त्या ठिपक्याच्या बरोबर खाली मोठेबाबांची बाज आहे. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, वय ब्याऐंशी. बाज तिथं माझ्या जन्माआधीपासून आहे. टेप जमिनीला टेकवायचा तर बाज सरकवावी लागणार, आणि बाज सरकवायची तर मोठेबाबा उठावे लागणार. ते पहाटे चारला उठतात आणि नऊला जेवून पुन्हा आडवे होतात. मी साडेनऊला उठतो. दुपारी ते झोपलेले, संध्याकाळी ते बाजेवर बसलेले.

"मोठेबाबा, जरा दोन मिनिटं उठता का?"

"कायले?"

"छपराची उंची मोजाची आहे."

"मोज नं. मी कुठी छपरावर आहो?"

या वाक्याला उत्तर नसतं. मी पासष्टांवर काम भागवायचं ठरवलं. सहासष्टांत एक गेला तर काय मोठंसं? लग्नाच्या पंगतीत एक पाहुणा कमी आला म्हणून कुणी मांडव उतरवत नाही.

नाकतोडा उतरवतो. त्याच्या पोटात हे ठिपके रेशनच्या दुकानासमोर माणसं उभी असावीत तसे एकाच लांब रांगेत उभे असतात. आपण त्याला फक्त सांगायचं की यांच्या इतक्या सारख्या ओळी कर. तो मोजतो आणि शेवटच्या ओळीत एक जण कमी निघाला की लाल होतो. अक्षरशः लाल, पडद्यावरचा तो डबाच लालभडक होतो आणि वर एक फुगा येतो. त्याचा सारांश असा की तुम्ही सांगितलेला आकडा एवढ्या ठिपक्यांना चालणार नाही. कोणता ठिपका कमी आहे ते मात्र सांगत नाही. सरकारी खिडकीवरचा बाबू 'एक कागद कमी आहे' म्हणतो आणि कोणता ते सांगत नाही, त्याच घराण्यातलं हे सॉफ्टवेअर.

मी दोन तास त्या लाल डब्याकडं पाहत होतो. बाबा शेतातून आले, पाय धुतले, पडद्याकडं पाहिलं.

"लाल काऊन झाला?"

"एक ठिपका कमी आहे."

"मंग नांगं भर नं बावा."

पऱ्हाटी टोबल्यावर जिथं बी उगवत नाही तिथं नांगं पडतं, तिथं पुन्हा बी लावायचं. चौफुलीवर लावलेल्या पऱ्हाटीचं शेत तुम्ही पाहिलं असेल तर सांगायला नको. उभे तास, आडवे तास, दोन्हीकडून डवरा सरळ गेला पाहिजे. बाबांच्या चार एकरांत असे हजारो ठिपके आहेत आणि त्यांनी एकदाही लाल फुगा पाहिलेला नाही. मी आजूबाजूच्या चार ठिपक्यांच्या उंच्यांची सरासरी काढली, अकरा फूट तीन इंच, आणि मोठेबाबांच्या वर हवेत एक खोटा ठिपका टांगून दिला. यादीत त्याचा क्रमांक आला सदतीस.

यावरून बाबांचं आणि माझं वाजलं. ते म्हणाले अडतीस. मी म्हटलं सदतीस, कारण संगणक शून्यापासून मोजतो.

"म्हंजे पयला ठिपका शून्य?"

"हो."

"मंग तो आहे का नाही?"

"आहे."

"आहे तं शून्य कसा? तुया आईनं पोळ्या वाढल्या आन् म्हनलं शून्य पोळी झाली, तं तू जेवला का उपाशी?"

मी त्यांना समजावून सांगितलं, आणि त्यांनी शून्यापासून मोजायला साफ नकार दिला. हा वाद त्या दिवशी मिटला नाही हे लक्षात ठेवा, पुढं पावसात कामाला येणार आहे.

असो. सहासष्ट पूर्ण झाले. मी बटण दाबलं. लाल गेलं. मी अर्धा उठून उभा राहिलो आणि पडद्यावर जे आलं ते पाहून पुन्हा बसलो. छपराच्या जागी एक पिळलेलं लुगडं होतं. धुऊन, दोघींनी दोन टोकांना धरून, पाणी निथळेपर्यंत पिळलेलं.

कारण असं की सहासष्टला अकरानंही भाग जातो आणि सहानंही. सहाच्या जागी मी अकरा सांगितले होते. ठिपके सगळे हजर, बेरीज बरोबर, म्हणून नाकतोडा गप्प. ओळ भलत्याच ठिकाणी मुडपली जात होती, आणि या टोकाचा ठिपका त्या टोकाच्या ठिपक्याशी सोयरीक जुळवून बसला होता. एक माणूस गैरहजर असला की आकांत करणारं हे यंत्र सगळी माणसं चुकीच्या जागी बसली तर चकार शब्द काढत नाही. मला आमच्या पुण्यातल्या सोमवारच्या मीटिंगा आठवल्या.

मीटिंगवरून आठवलं. असल्याच एका मीटिंगमध्ये आम्हाला बाकूच्या हैदर अलियेव केंद्राची चित्रं दाखवली होती. झाहा हदीदची इमारत, २०१२ साली खुली झालेली. जमीन कुठं संपते आणि छप्पर कुठं सुरू होतं ते कळत नाही, पांढरी शुभ्र घडी वाऱ्यावर थांबून राहिल्यासारखी. मी ती चित्रं लॅपटॉपवर बाबांना दाखवली, म्हणजे मी काय शिकतोय त्याची त्यांना कल्पना यावी. त्यांनी पुढं-मागं करून सगळी पाहिली.

"गळते का?"

जगातल्या थोर वास्तुकलेला बाबांचा हा एकच प्रश्न असतो. सेवाग्रामला बापूकुटी पाहायला नेलं होतं तेव्हाही त्यांनी आधी वरचे कवेलू पाहिले आणि मग हात जोडले.

लुगडं सरळ केलं. अकराच्या जागी सहा. आता छप्पर छपरासारखं दिसू लागलं, पण एका कोपऱ्यात चांगला दीड फूट उंच सुळका. मंदिराचा कळस म्हणावा तर आमचं घर तेवढं पुण्यवान नाही. मी मोजणीची वही काढली, आकडा बरोबर होता. मग बांबू घेऊन त्या कोपऱ्यात गेलो आणि पाहिलं. टेपाचं खालचं टोक मी उखळात सोडलं होतं. उखळ जमिनीत पुरलेलं असतं. छपराचा सुळका म्हणजे आईचं उखळ होतं, उलटं.

आणि मग एकेक उलगडत गेलं. सपरीची जमीन सारवलेली, ती काही पाणसळीत नव्हती. दाराशी खोलगट, खांबाजवळ उंचवटा, कोंबड्या बसतात तिथं खळगा. मी तीन दिवस मान मोडून छपराचा म्हणून जो नकाशा काढला त्यात अर्धी जमीन होती. मग गवंड्याची पाणी भरलेली लेव्हलची नळी मागून आणली, खांबांवर कोळशाच्या खुणा केल्या, आणि प्रत्येक ठिपक्यातून जमिनीचे दोष वजा केले. कोळशाच्या खुणा आईनं दुसऱ्या दिवशी पुसल्या, पण तोवर आकडे उतरवून झाले होते.

तरीही पृष्ठभाग ठिपक्यांना लागेना. जवळून जायचा, पण टेकायचा नाही. आहेर न देता जेवून जाणाऱ्या पाहुण्यासारखा. हे त्याचं म्हणे मुळातलं वागणं आहे. पूर्वी जहाजाचे आराखडे काढणारे लोक लाकडाची लवचीक पट्टी वाकवून तिच्यावर शिशाची वजनं ठेवत. त्या वजनांना त्यांच्यात 'बदक' म्हणत. बदक हलवलं की पट्टीचा बाक बदलायचा. पुढं १९६० च्या आसपास फ्रान्समध्ये दोन मोटार कंपन्यांतले दोन जण, सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनॉमध्ये पिएर बेझिए, यांनी एकमेकांना न विचारता या बाकाचं गणित बसवलं. त्यात ठिपके चादरीला फक्त स्वतःकडं ओढतात, ती त्यांच्यावरून गेलीच पाहिजे असं बंधन नाही. मोटारीच्या टपाला ते शोभतं. आमच्या फाट्यांना नाही. एक बारीकसं 'होय-नाही'चं बटण असतं, ते 'होय' केलं की चादर निमूट प्रत्येक ठिपक्यावरून जाते. हे बटण सापडायला मला दीड दिवस लागला. मोठेबाबा हे सगळं पडल्या पडल्या ऐकत होते. गेंडा, नाकतोडा, कांगारू, सुगरण झाल्यावर बदक आलं तेव्हा त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "याच्यात मानूस कोनी आहे का?"

मधल्या भानगडी भराभर सांगतो. नाकतोडा ठिपक्यांची ती रांगसुद्धा झाडावर ठेवतो. फांद्या असतात, फांद्यांना फांद्या असतात. त्या झाडाचं कलम करता येतं, छाटणी करता येते. हे शब्द खरोखर त्यात आहेत. 'ग्राफ्ट' आहे, 'प्रून' आहे. मी मोठ्यानं स्वतःशीच म्हणालो, "इथं कलम करावं लागते वाटते," तर संत्र्याची बाग केलेले बाबा आतून ओरडले, "जंबेरीवर कर!" मी कलम केलं. सहासष्ट ठिपके सहासष्ट वेगळ्या फांद्यांवर जाऊन बसले आणि प्रत्येकजण एकटा चादर विणायला लागला. डबा पुन्हा लाल. शेवटी एका मित्राला फोन केला. तो म्हणाला, "फ्लॅटन कर." म्हणजे झाड आडवं करून सगळे पुन्हा एका रांगेत. नऊ दिवसांनी मी पुन्हा रेशनच्या रांगेपाशी आलो होतो.

लॅपटॉप तोवर तापून असा गुरगुरत होता की आई त्याच्याजवळून पदर सावरून जायची. आमचं केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी असं गावात कुणीही सांगेल, भीमानं बकासुर मारला तो इथंच. त्या बकासुराला रोज गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस लागायचा. माझ्या गेंड्याला दुपारी दोन ते चार या वेळेतली वीज, पंख्याची हवा आणि मी. वीज दोन ते चार याच वेळेत जायची, हा भाग वेगळा.

अखेर एका संध्याकाळी चादर नीट बसली. खचलेली जागा खचलेली, आढ्याजवळ थोडी फुगलेली. मला ती खरोखर सुंदर वाटली. आपल्याच घराचं छप्पर मी तीस वर्षं खालून पाहत आलो होतो, वरून प्रथमच पाहत होतो. दोन बोटांनी ती फिरवत राहिलो. आई आली, तिनं पाहिलं आणि म्हणाली, "खाटेवर वाळत घातलेल्या गोधडीसारखं दिसते." यापेक्षा अचूक वर्णन नंतर कुणी केलं नाही.

मग क्षेत्रफळ. बटण दाबलं. उत्तर आलं: साडेचार कोटींच्या वर.

"साडेचार कोटी काय?" बाबा म्हणाले. "कवेलू?"

"नाही, नाही. चौरस मिलिमीटर." फायलीचं माप मिलिमीटरमध्ये होतं. त्याआधी एकदा मी फूट समजून आकडे भरले होते तेव्हा अख्खी सपरी तीस मिलिमीटर बाय पंधरा झाली होती, काडेपेटीत मावेल एवढी. मी घाईघाईनं भागाकार केला. पाचशे चौरस फूट आणि वर थोडं.

बाबांनी क्षणभर विचार केला. "तीस लांब, पंधरा खोल, उतार आहे म्हनून थोडं जास्त. पाचशे. हे तं मी बाहेरूनच सांगतलं असतं."

"पण बाबा, आपल्याले कवेलू किती लागतीन हे शोधाचं होतं नं?"

"कवेलू फुटले तेवढे लागतीन. फुटले किती ते याच्यात दिसते का?"

दिसत नव्हतं. चादर अखंड होती, गुळगुळीत होती, तिच्यात एकही भोक नव्हतं. नाकतोड्याच्या जगात कवेलू फुटत नाही. तोवर बाबांनी तिकडं एका पडक्या घराचे जुने कवेलू सौद्यात पाहून ठेवले होते. किती, ते विचारलं तर म्हणाले, "एक बंडी." बंडीत किती मावतात, ते विचारलं तर म्हणाले, "भरते तेवढे." कवेलू फेरले गेले. चारशे कमी पडले की दोनशे उरले, यावर अजून एकमत नाही. मागच्या अंगणात एक ढीग आहे, आणि आतल्या खोलीवर निळं प्लॅस्टिक आहे. दोन्ही खरं.

जूनमध्ये रात्री पहिला जोराचा पाऊस आला. वीज गेली. मी मात्र तयार होतो. सहासष्ट ठिपक्यांचा नकाशा मी कागदावर मोठ्या अक्षरांत काढून खांबाला चिकटवला होता, आणि बाबांना सांगून ठेवलं होतं की गळलं तर 'इकडं, तिकडं, अरे तिथं नाही' अशी बोंबाबोंब करायची नाही. मी बॅटरी घेऊन रांग आणि ठिपका सांगीन, तुम्ही तिथं गंज ठेवा. बाबांनाही हे पटलं होतं. खरं तर त्यांना ते आवडलं होतं. गंज हातात घेऊन ते खांबाशी दबा धरून उभे होते.

मी बॅटरी वर मारली. कवेलूच्या फटीतून एक थेंब चकाकला, लांबला आणि सुटला.

"तीन, चार!" मी ओरडलो.

बाबा धावले. पहिल्यापासून मोजत तिसऱ्या रांगेत गेले, पहिल्यापासून मोजत चौथ्या ठिपक्याशी आले, आणि कोरड्या ठणठणीत जमिनीवर गंज नेमका ठेवून माझ्याकडं अभिमानानं पाहू लागले. थेंब तिथून एक रांग पुढं आणि एक ठिपका बाजूला पडला. मोठेबाबांच्या कपाळावर.

त्यांनी डोळे उघडले. दुसरा पडला. माझ्या तीस वर्षांत जे कधी घडलं नव्हतं ते घडलं, मोठेबाबा अवेळी उठून बसले.

"कोनाचं काम होय हे?"

"शून्याचं," बाबा म्हणाले.

"ठिपक्याचं," मी म्हणालो.

आम्ही दोघांनी बाज धरून तीन फूट सरकवली. आणि तिच्याखालची ती चौकोनी, सारवणाचा जुना रंग राहिलेली जमीन दिसताच मला काय झालं कुणास ठाऊक, मी कोपऱ्यातला बांबू आणि टेप घेऊन धावलो. वरून पाणी, खाली चिखल, बाबा बॅटरी धरून. अकरा फूट तीन इंच मी धरली होती ती उंची निघाली दहा फूट नऊ इंच. सहा इंचांचा खड्डा. सगळ्या छपराचं पाणी तिथं येऊन थांबत होतं, आणि माझ्या सुंदर चादरीत त्या जागी फुगीर पोट होतं.

मोठेबाबा खांबाला टेकून डोकं पुसत हे पाहत होते.

"झालं का मोजून?"

"झालं, मोठेबाबा."

"लिहून घेतलं?"

"घेतलं."

"मंग माही बाज जागेवर ठेवा. आन् तो गंज ठेवा उशाकडं. मी तिकडं पाय करून, आखडून झोपतो."

आम्ही बाज उचलून पुन्हा सदतिसाव्या ठिपक्याखाली ठेवली. बाबांच्या मते, अडतिसाव्या.